पाठीमागची बाजू

नोव्हेंबरात आमच्या तात्यांचा हयातीचा दाखला मोबाईलवरनं काढायला बसलो होतो. फार काही नाही, चेहरा कॅमेऱ्यासमोर धरायचा आणि डोळे मिचकवायचे. पण तात्या पडले मराठा लाईट इन्फंट्रीचे रिटायर हवालदार. कॅमेरा समोर आला की माणूस जो ताठ बसला, छाती पुढं, नजर समोर, पापणी म्हणून हलेना. मी "तात्या डोळे मिटा, डोळे" म्हणून ओरडतोय, आणि त्यांना ऐकूच येत नाही. ऐकू येत नाही हेच तर सगळ्या भानगडीचं मूळ आहे, त्याबद्दलच लिहायला बसलोय.

तात्या मॉर्टर प्लाटूनला, म्हणजे उखळी तोफांच्या तुकडीत होते. सतरा-अठरा वर्षं त्या नळीशेजारी उभं राहून दोन्ही कान गेले. 1996 ला डिस्चार्ज घेताना मेडिकल बोर्डानं 30 टक्के डिसॅबिलिटी लिहिली, सर्व्हिसमुळंच झाली असंही लिहिलं, आणि तेवढ्या टक्क्याचे पैसे पेन्शनीत चालू झाले. आता नियम असा आहे की 20 टक्क्यांपासून पुढं आणि 50 च्या आत असेल तर ते 50 धरायचे, 50 ते 75 चे 75, त्याच्या वरचे सरसकट 100. ब्रॉड बँडिंग म्हणतात त्याला. आधी हा फायदा बोर्ड आऊट झालेल्यांनाच, म्हणजे आजारपणामुळं मुदतीआधी घरी पाठवलेल्यांनाच होता, टर्म पुरी करून आलेल्यांना नव्हता, मग डिसेंबर 2014 मध्ये सुप्रीम कोर्टानं राम अवतार केसमध्ये सांगितलं की त्यांनाही द्या. तात्यांना हे कधी कळलं? गेल्या वर्षी, उचगावला मळेकरणी देवीच्या जेवणावळीत, शेजारच्या पानावर बसलेल्या एका नायब सुभेदारांकडनं. दहा वर्षं नुसती गेली. आणि आपल्याकडं लोक म्हणतात माहिती आता एका क्लिकवर आहे.

बरं, अर्ज ऑनलाईन करायचा ठरलं. काळ्या पत्र्याची ट्रंक उघडली, वर पांढऱ्या रंगात नंबर, आत डांबरगोळीचा वास, डिस्चार्ज बुक, पीपीओ म्हणजे पेन्शनीची मूळ ऑर्डर, आणि मेडिकल बोर्डाची ती पातळ पिवळी कार्बन कॉपी, एक कोपरा वाळवीनं खाल्लेला. ते सगळं घेऊन बेळगावात एका दुकानात गेलो (नाव घेत नाही, पोरगा गरीब आहे). त्यानं पटापटा स्कॅन मारलं, अपलोड केलं, दीडशे रुपये घेतले. चार महिन्यांनी शेरा आला, कागदपत्र अपुरे. आता ट्रंकेत होतं नव्हतं ते सगळं दिलेलं, अपुरं काय राहिलं? दोन रात्री डोकं खाजवलं तेव्हा लक्षात आलं. बोर्डाचे कागद पाठपोट टाईप केलेले असतात, पोरानं फक्त पुढची बाजू घेतली होती. आणि 30 टक्के हा आकडा होता पाठीमागं!

मी स्वतः चौतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीच पेन्शनच्या काउंटरवर. तेव्हा फौजी पेन्शन बँकेतनंच व्हायची, एक तारखेला सांबरा, येळ्ळूर, कडोली, बेळगुंदी सगळीकडनं माणसं यायची, टोपी काढून बाकड्यावर बसायची. चुका आमच्याकडनंही व्हायच्या, भरपूर व्हायच्या. पण कागद हातात घेतला की आम्ही तो उलटा करून बघायचो, ही सवयच असते क्लार्कच्या हाताला. आता काय झालंय, क्लार्कचं काम क्लार्ककडनं काढून सत्तरी ओलांडलेल्या म्हाताऱ्याच्या गळ्यात घातलंय, आणि त्याला नाव दिलंय डिजिटल. स्कॅन त्यानं करायचं, साईज कमी त्यानं करायची, ओटीपी त्यानं सांगायचा, चूकही त्यानंच शोधायची. माझं सगळं भांडण एवढ्याच गोष्टीशी आहे, कॉम्प्युटरशी नाही.

कारण कागदच बरा होता म्हणणाऱ्यांतला मी नव्हे. ज्यानं जन्मभर "साहेब मीटिंगला गेलेत, नाळे बर्री" (उद्या या) ऐकलंय त्याला कागदाचे गुण सांगू नका. फाईल पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसातनं अलाहाबादच्या फौजी पेन्शन ऑफिसला गेली म्हणायचे, अलाहाबादला विचारलं तर आलीच नाही म्हणायचे, मधे सहा महिने. आता निदान अर्ज कुठं अडकलाय ते स्क्रीनवर दिसतं.

अमेरिकेतलं वाचत होतो यावर, तिथंही हेच रडगाणं. त्यांच्या माजी सैनिकांच्या खात्याच्या विन्स्टन-सेलम इथल्या ऑफिसात 2012 साली तपासणी झाली तेव्हा कपाटांच्या डोक्यावर सुमारे 37,000 फायली रचलेल्या, आणि त्या वजनानं मजल्याला धोका आहे असं तपासणीवाल्यांनीच लिहून ठेवलं. मार्च 2013 मध्ये 125 दिवसांच्या वर रखडलेले दावे 6 लाख 11 हजार! मग त्यांनी कागद सोडून कॉम्प्युटर सिस्टीम सगळ्या विभागीय ऑफिसांत नेली, जादा कामाचे तासही लावले, आणि 2015 च्या ऑगस्टपर्यंत तो आकडा लाखाच्या खाली आणला. मानलं पाहिजे. पण ढीग एकीकडं उतरला आणि दुसरीकडं अपिलांचा चढला, शेवटी अपिलांसाठी 2017 ला वेगळा कायदा करावा लागला. म्हणजे नाही म्हणायचा स्पीड वाढला तरी नाही ते नाहीच. आणि 1973 ला सेंट लुईसच्या रेकॉर्ड सेंटरला आग लागून 1 कोटी 60 लाखांच्या वर फायली गेल्या, त्या कुठल्या स्कॅनरनं परत येणार? ज्याचा कागद जळाला त्याला दुसरे पुरावे शोधत बसावं लागतं. आमच्यात आग लावायला लागत नाही, वाळवी पुरते.

आता आपल्या भागातलं खास दुखणं सांगतो, हे पुण्या-साताऱ्याच्या माणसाला कळणार नाही. तात्यांचं नाव मारुती. मिल्ट्रीच्या रेकॉर्डला इंग्रजी स्पेलिंग शेवटी टी आय. आधारला टी एच आय, कारण कानडी पद्धतीत त ला टी एच लावतात. कॉम्प्युटरच्या दृष्टीनं हे दोन वेगळे मारुती, एक लढलेला आणि एक पेन्शन मागणारा. जिल्हा जुन्या कागदात बेलगाम, 1 नोव्हेंबर 2014 पासून बेळगावी. सरकारनं गावाचं नाव बदलायला गॅझेट काढलं, पण तात्यांनी मात्र शंभराच्या बाँडवर ॲफिडेव्हिट करून द्यायचं की तो मारुती आणि हा मारुती एकच. (अलाहाबादचं प्रयागराज झालं तेव्हा अलाहाबादकडनं कुणी ॲफिडेव्हिट घेतलं का हो?) खानापूर, निपाणीकडं घराघरात ही कथा आहे, कुणाच्या बायकोच्या नावाची पार्ट टू ऑर्डरच, म्हणजे फौजेच्या रेकॉर्डातली नोंदच पडलेली नाही, आणि ते कळतं नवरा गेल्यावर.

माझं म्हणणं साधं आहे. भरतीच्या दिवशी स्पेलिंग कुणी लिहिलं? सरकारी माणसानं. आधारला कुणी टाईप केलं? तिथं बसवलेल्या ऑपरेटरनं. तात्यांना तर तेव्हा इंग्रजी वाचताही येत नव्हतं. दोघांत जुळत नसेल तर ज्यांनी लिहिलं त्यांनी जुळवून घ्यावं. मेडिकल बोर्डाची मूळ प्रत फौजेच्याच फायलीत असणार, मग तीच प्रत तात्यांकडनं का मागायची? पेन्शन आता स्पर्शवर, म्हणजे फौजी पेन्शनीच्या सरकारी ऑनलाईन सिस्टीमवर आली, ऑर्डर तिथनंच निघते, पैसा तिथनंच खात्यात पडतो. मग 30 टक्के आणि 50 टक्के हे गणित अर्जाशिवाय, आपोआप व्हायला काय हरकत आहे? डीए वाढला की म्हातारा अर्ज करत नाही ना, खात्यात येतो की नाही गुपचूप? तसंच हे.

कुणी म्हणेल खोटे दावे येतील. येतील की, तपासा. पण तपासायचं म्हणजे आपल्याकडचा कागद काढून बघायचं, समोरच्याला चौथ्यांदा झेरॉक्स आणायला लावायचं नाही.

असो. अर्ज परत भरला, यावेळी माझ्या घरात, मीच स्कॅन केलं, एकेक पान पाठपोट. तात्या शेजारी खुर्ची टाकून बसले होते, प्रत्येक पान स्वतःच्या हातानं उलटं करून देत होते, पलटण जेवायला बसवावी तसे. मधेच चुलतभाऊ रेशनकार्ड स्कॅन करायला आला, तर तात्या त्याच्यावर खेकसले, "पाठीमागची बाजू कुठाय गा?"

रेशनकार्डाची पाठीमागची बाजू कोरी होती. तीही घेतली.