वहिनी, पोहे छान झालेत

नाशिककर माणूस किती गोड बोलू शकतो हे पाहायचं असेल, तर संध्याकाळी सहाला द्वारका चौकात जाऊ नका. सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुपही उघडू नका, तिथे टँकरच्या वर्गणीवरून कोणाचे तरी वाडवडील निघालेले असतात. सरळ लिंक्डइन या नोकरी-धंद्यातल्या ओळखींच्या साइटवर जा. अख्खी सातपूर-अंबड एमआयडीसी तिथे एकमेकांचं अभिनंदन करत बसलेली असते.

आमच्या खालच्या मजल्यावरचे गृहस्थ फेसबुकवर राजकारणाबद्दल जे लिहितात, ते मी घरात मोठ्याने वाचू शकत नाही. हेच गृहस्थ लिंक्डइनवर एका पोरसवदा एचआरवाल्या मुलीला लिहितात, ‘व्हेरी वेल सेड, मॅडम’. भाबडेपणाने असं समजू नका की तिथे मनं मोठी असतात. फेसबुकवर त्यांचं नाव ‘गोदाकाठचा वाघ’ आहे. लिंक्डइनवर नावाखाली हुद्दा आणि कंपनी लटकलेली आहे. वाघाला पगार नसतो, डेप्युटी मॅनेजरला असतो.

म्हणून पहिला सल्ला असा, की तिथे शिरताना आपण कांदेपोह्यांच्या कार्यक्रमाला आलोय असंच समजा. स्थळ आपल्याला बघतंय, आपण स्थळाला बघतोय, आणि पोह्यात मीठ नसलं तरी कोणी बोलत नाही. हा कार्यक्रम 2003 पासून सुरू आहे. अजून कोणी उठलेलं नाही.

लिंक्डइन कंपनीनेही सोय चोख ठेवली आहे. फेसबुकने 2016 मध्ये अंगठ्याच्या जोडीला हसरा, रडका आणि लालबुंद रागावलेला असे चेहरे दिले. लिंक्डइनने 2019 मध्ये टाळ्या दिल्या, बदाम दिला, पिवळा दिवा दिला. रागाचा चेहरा आजतागायत नाही. तेव्हा राग आला तर टाळ्या वाजवायला शिका.

हे कसं साधायचं, ते मोठ्या कंपन्यांची कामं करून देणाऱ्या अंबडच्या छोट्या जॉबवर्कवाल्यांकडून शिकावं. कायदा म्हणतो, लहान उद्योजकाचं बिल जास्तीत जास्त 45 दिवसांत चुकवा. कायदा 2006 चा आहे, म्हणजे तसा जुना झाला. समजा तुमचं बिल चार महिने अडकलंय. परचेसवाले साहेब फोन उचलत नाहीत, त्यांचा गेटवाला तुम्हाला नावाने ओळखायला लागलाय. अशात साहेब लिंक्डइनवर लिहितात, ‘आमचे सप्लायर हे आमचं कुटुंब आहे.’ सोबत कुटुंबाचा फोटो, शाल-श्रीफळासह. अशा वेळी हात थरथरू न देता टाळ्या दाबा आणि खाली लिहा, ‘प्राउड टू बी असोसिएटेड, सर.’ ‘असोसिएटेड’ हा शब्द महत्त्वाचा, त्यात थकबाकी बसते. जमलं तर साहेबांच्या प्रोफाइलवरच्या ‘नेगोशिएशन’ या कौशल्याला दुजोराही द्या. तुमच्याइतका अनुभव कोणाला आहे?

नोकरी गेली तरी रडू नका, तिथे ते चालत नाही. ‘एका सुंदर प्रवासाची सांगता’ असं लिहा. मग ज्या साहेबांनी दुपारी तीनला बोलावून चारला लॅपटॉप काढून घेतला, त्यांचे आभार माना, टॅग करून. फोटोभोवती हिरवं कडं लावा, म्हणजे कामाच्या शोधात आहोत हे न बोलता कळतं. मग माणुसकीचा पूर येतो. गोदेचा पूर ज्याच्यावरून मोजतात त्या दुतोंड्या मारुतीच्या डोक्यावरून पाणी जाईल इतके लोक लिहितात, ‘कॉमेंटिंग फॉर बेटर रीच’. याचा मराठीत अर्थ, माझ्याकडे काही नाही, पुढच्या घरी बघा. पण ‘पुढे जा’ इतक्या प्रेमाने म्हणायची रीत दुसरीकडे कुठे सापडेल? आपण तर नुसते ‘माफ करा बाबा’ म्हणून दार लावतो. (या लोंढ्यात एखादा खरोखर फोन करतो. तो बहुधा जुना शिपाई किंवा कॅन्टीनवाला असतो, आणि तो लिंक्डइनवर नसतो.)

कोणाच्या प्रोफाइलवर चोरून डोकावू नका. तिथे डोकावणाऱ्याचं नाव समोरच्याला कळतं. लपून बघायची सोय आहे, पण मग फुकटच्या खात्यावर तुमच्याकडे कोण डोकावलं ते तुम्हालाही दिसत नाही. नव्वद टक्के सभ्यता या एका अटीवर उभी आहे असं माझं मत आहे. टक्का माझा, अंदाजे.

आता एक खासगी विनंती. हा लेख मी उद्या सकाळी तिथेच टाकणार आहे. वाचून हसू आलं तर हसरा चेहरा दाबू नका, 2022 पासून तोही आहे तिथे. पिवळा दिवा दाबा आणि खाली ‘व्हेरी इनसाइटफुल’ लिहा. आमचे साहेब माझ्या यादीत आहेत, आणि इन्क्रिमेंटची पत्रं अजून निघायची आहेत.