बेकार राहणंही ज्यांना परवडत नाही

शहरांतली बेरोजगारी किती टक्क्यांवर आली, याची बातमी आता दर महिन्याला येते. दर महिन्याला मी ती वाचते आणि आमच्या मानखुर्द-गोवंडीच्या वस्त्यांशी ताडून बघते. ताळा कधीच जमत नाही. आज त्यावर सविस्तर लिहायचंय. गेली काही वर्षं मी वस्तीतल्या बायकांना रेशनचे, दाखल्यांचे, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून द्यायला बसते. घराचं उत्पन्न विचारणं हा त्या कामाचाच भाग, त्यामुळे या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

आधी आकडा कसा काढतात ते बघू. केंद्राचं नियतकालिक श्रमबल सर्वेक्षण २०१७ पासून चालू आहे. मासिक आकडा ‘चालू साप्ताहिक स्थिती’वर काढला जातो. म्हणजे मागच्या सात दिवसांत कुठल्याही एका दिवशी निदान एक तास काम केलं असेल, तर तो माणूस रोजगारात धरला जातो. घरच्या टपरीवर बिनपगारी बसणारी बायको, मुलगी, सून हीसुद्धा रोजगारातच. ही व्याख्या आपल्या सरकारने काढलेली नाही, जगभर साधारण अशीच वापरतात. छोट्यातलं छोटं कामही मोजणीतून सुटू नये, हा तिच्यामागचा विचार मला पटतो. पण या व्याख्येतून निघालेल्या आकड्यावरून शहरातल्या गरिबीबद्दल काही बोलायला गेलं की गडबड होते.

आमच्याकडचं एक घर सांगते. नाव-गल्ली नको, अशी घरं हवी तितकी आहेत. नवरा बिगारी काम करतो. सकाळी नाक्यावर उभा राहतो. दहा वाजून गेले की ठेकेदार येत नाहीत, नाका मोडतो आणि माणूस घरी परततो. त्या आठवड्यात त्याला दोन दिवस काम लागलं होतं. बायको दोन घरी भांडी-लादी करते. त्यातलं एक कुटुंब महिनाभर गावी गेलं, तर तेवढे दिवस तिचे खाडे धरले गेले. मुलगा दुचाकीवर डिलिव्हरी करतो. गाडीचा हप्ता त्याचा, पेट्रोल त्याचं, आणि अ‍ॅपवरची आयडी ब्लॉक झाली तर विचारायचं कुणाला, हे त्याला माहीत नाही.

मुलगी बारावी झाली आहे. ती घरी बसून ड्रेसवर खडे चिकटवते. माल आणून देणारी बाई गल्लीतलीच, पैसे नगावर. कपड्याला गोंदाचा डाग पडला तर त्या नगाचे पैसे जातात, शिवाय नुकसानीचे वेगळे कापतात. खोलीला एकच खिडकी, तीही समोरच्या भिंतीला टेकलेली, म्हणून दिवसाही ट्यूब लावावी लागते. लाइट सबमीटरवर आहे आणि युनिटचा भाव खोलीमालक ठरवतो. तिला मी एकदा हिशेब मांडून दाखवायला सांगितलं. गोंद तिचा, लाइट तिची, पाठदुखीचा मलम तिचा. हे वजा केल्यावर जी रक्कम उरली ती तिने वहीत लिहिली आणि वही मिटून टाकली. ‘ताई, हे काम आहे असं कुणाला सांगू नका,’ एवढंच म्हणाली.

सर्वेक्षणाच्या हिशेबात या घरातली चारही माणसं रोजगारात आहेत. घराची बेरोजगारी शून्य टक्के!

आता दुसरं घर घ्या. वडील बँकेतून निवृत्त, पेन्शन चालू. मुलगा पदवीधर, मनासारखी नोकरी शोधतोय. त्याला वर्ष-दोन वर्षं थांबता येतं, घर चालतं. हा मुलगा बेरोजगार म्हणून मोजला जातो. त्याचं दुःख कमी आहे असं मला मुळीच म्हणायचं नाही, तरुण पोरांचं असं ताटकळणं फार वाईट. पण बेरोजगारीचा दर त्याच्यासारख्यांनी वाढतो. शिक्षण नसलेल्यांमध्ये हा दर जवळजवळ शून्य असतो आणि शिकलेल्यांमध्ये वाढत जातो, हे याच सर्वेक्षणात दिसतं. त्याचं कारण उघड आहे. ज्याच्या घरात उद्याचा शिधा नाही तो बेकार बसूच शकत नाही. मिळेल ते, मिळेल त्या भावात करतो. २०१७-१८ मध्ये शहरी बेरोजगारी वर्षाच्या हिशेबाने ७.८ टक्के होती, २०२३-२४ मध्ये ५.१ टक्के. या उतरलेल्या आकड्यात किती जणांना धड काम मिळालं आणि किती जणी माझ्या त्या मुलीसारख्या नगावर बसल्या, हे त्या एका आकड्यावरून कुणालाही सांगता येणार नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. शहरात गरिबी काम नसलेल्यांची कमी आणि काम करणाऱ्यांची जास्त आहे. ती मोजायची तर माणूस सोडून घर मोजायला हवं. महिन्यात त्या घरात एकूण किती दिवसांची कमाई आली, किती दिवस कुणालाच काही मिळालं नाही, आणि भाडं, पाणी, लाइट व हप्ते गेल्यावर हातात काय राहिलं, हे विचारायला हवं.

महाराष्ट्राला हे नवीन नाही. अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळांच्या गोखले संस्थेने १९३० च्या दशकात पुण्यात घरोघर जाऊन शहराची आर्थिक पाहणी केली होती. पुढे त्याच संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ मध्ये दारिद्र्याचा जो हिशेब मांडला, त्यात १९६०-६१ च्या भावाने खेड्यात माणशी महिना १५ रुपये आणि शहरात साडेबावीस रुपये धरले होते. शहरात जगायला दीडपट लागतं, हे त्यांनी तेव्हाच मान्य केलं होतं. नंतर आपण काय केलं? २०११ मध्ये नियोजन आयोगाने सर्वोच्च न्यायालयात शहरासाठी दारिद्र्यरेषा दिवसाला माणशी ३२ रुपये सांगितली आणि देशभर संताप झाला. तेंडुलकर समितीच्या पद्धतीने २०११-१२ साठी शहरी रेषा महिन्याला माणशी १,००० रुपये आली आणि शहरातले १३.७ टक्के लोक गरीब ठरले. रंगराजन समितीने तीच रेषा १,४०७ रुपयांवर नेली, तर गरीब झाले २६.४ टक्के. वर्ष तेच, शहरं तीच, माणसं तीच. चारशे रुपयांनी रेषा सरकली आणि गरिबांची संख्या जवळपास दुप्पट झाली. म्हणजे रेषेच्या जरा वर किती दाटीवाटीने लोक उभे आहेत बघा. एक आजारपण, एक खाडा, एक ब्लॉक झालेली आयडी, की खाली. रंगराजन अहवाल २०१४ चा. त्यानंतर सरकारने खर्चावर आधारलेली नवी रेषा स्वीकारलेलीच नाही.

खर्चाची पाहणी मात्र झाली. २०२२-२३ मध्ये शहरी भारतात माणशी मासिक खर्च सरासरी ६,४५९ रुपये होता. सगळ्यात खालच्या पाच टक्क्यांचा २,००१ रुपये, सगळ्यात वरच्या पाच टक्क्यांचा २०,८२४ रुपये. मधल्या त्या सरासरीत वांद्र्याचं घर आणि मानखुर्दचं घर एकत्र बसवलेलं असतं, आणि हे दोन्ही मुंबई उपनगर या एकाच जिल्ह्यात येतात. १९९० मध्ये हा जिल्हा वेगळा झाला, २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या ९३ लाखांवर होती. जिल्ह्याची सरासरी काढून अशा ठिकाणी काहीच कळत नाही. जुहू आणि देवनारचं डम्पिंग ग्राउंड यांची सरासरी कोण काढणार?

आता माझ्या टेबलावरची गोष्ट. रेशन.

अन्न सुरक्षा कायद्याखाली राज्यात प्राधान्य कुटुंबासाठी, म्हणजे ज्यांना रेशनचं धान्य मिळतं अशा गरीब घरांसाठी, शहरी उत्पन्नमर्यादा ठरली वर्षाला ५९,००० रुपये. महिन्याला पाच हजारही नाहीत. पाच माणसांचं घर धरलं तर माणशी हजाराच्या आत, म्हणजे २०११-१२ ची तेंडुलकर रेषाच जवळपास. त्यानंतर भाडी कुठे गेली, गॅस कुठे गेला! आणखी एक हिशेब करा. केंद्राने सुचवलेलं राष्ट्रीय किमान तळवेतन २०१९ मध्ये दिवसाला १७८ रुपये होतं. महिन्याला २६ दिवस, बारा महिने धरले तर वर्षाला ५५,५३६ रुपये. घरातला एक माणूस देशातल्या सगळ्यात खालच्या मजुरीवर वर्षभर राबला तर घर कसंबसं मर्यादेत बसतं. बायकोने एका घरची भांडी धरली की बाहेर. कायद्याने ठरवलेली मजुरी दोघांनी मिळवली तर कायद्याने दिलेलं धान्य मिळत नाही, अशी ही रचना आहे.

मग लोक काय करतात? कमी उत्पन्न लिहितात. बायका माझ्यासमोर बसून मान खाली घालून खोटा आकडा सांगतात आणि मला त्यांची नाही, ती मर्यादा ठरवणाऱ्यांची चीड येते. एवढं करूनही ‘इष्टांक शिल्लक नाही’ हे उत्तर ठरलेलं. राज्याच्या शहरी भागाला ४५.३४ टक्के लोकांपुरताच कोटा आहे आणि तोही २०११ च्या लोकसंख्येवर. नंतर आलेली, जन्मलेली, लग्न होऊन वेगळी झालेली माणसं त्यात कुठे? कार्ड हातात असतं, पण बारा अंकी नंबर ऑनलाइन चढलेला नसतो, म्हणून धान्य नाही. सहा-सहा महिने हेलपाटे घालणाऱ्या बाया मी बघते. प्रत्येक हेलपाट्याला एक खाडा.

आणि हेच घर दुसऱ्या खिडकीवर गेलं की गरिबीची व्याख्या बदलते. शिक्षण हक्क कायद्यातल्या २५ टक्के प्रवेशासाठी दुर्बल घटकाची मर्यादा १ लाख. लाडकी बहीणला अडीच लाख. म्हाडाच्या मुंबईतल्या अत्यल्प गटाला ६ लाख. आर्थिक दुर्बल घटकाच्या आरक्षणाला ८ लाख. प्रत्येक योजनेचं गणित वेगळं असणार हे मान्य, घर घेणं आणि गहू घेणं एक नाही. पण सगळ्यात कडक मर्यादा सगळ्यात मूलभूत गोष्टीला, म्हणजे पोटाला, हे कुठल्या न्यायात बसतं?

लाडकी बहीणचे दीड हजार आमच्याकडे कसे खर्च होतात, ते मी जवळून बघते. बचत गटाचा हप्ता, मुलांची क्लासची फी, औषधं. त्यावर नाकं मुरडणाऱ्यांशी मी भांडते. पण त्याच बायका विचारतात, ‘ताई, पैसे आले, काम कुठंय?’ शहरी बायकांमध्ये २०२३-२४ साली १०० पैकी २८ जणीच श्रमबलात, म्हणजे काम करणाऱ्या किंवा काम शोधणाऱ्या, होत्या. बाकीच्या घरी बसून आराम करत नाहीत. पाण्याची वेळ सांभाळणं, आजाऱ्याचं करणं, पोरांना शाळेत सोडणं-आणणं, यातून चार तास निघाले तरी त्या चार तासांना जवळपास धड काम नसतं. एके काळी भांडुप-मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गावर कारखान्यांची रांग होती, एका कायम नोकरीवर पाच-सहा माणसांचं घर चालायचं. ते कारखाने गेले, त्यांच्या जागी टॉवर आले. त्या टॉवरमध्ये आमच्या बायका भांडी घासतात आणि आमचे पुरुष ठेकेदाराच्या गणवेशात गेटवर उभे राहतात.

त्या गेटवरच्या माणसाबद्दल थोडं. त्याला महिना बारा हजार पगार आहे असं धरू. वर्षाचे १ लाख ४४ हजार, म्हणजे प्राधान्याच्या धान्यातून तो केव्हाच बाहेर. पण दहा हजारांवर पगार असल्याने व्यवसाय कर मात्र पूर्ण लागू: महिन्याला २००, फेब्रुवारीत ३००, वर्षाला २,५००. त्याच टॉवरमधल्या कंपनीच्या मालकालाही तेवढाच.

हा कर आला कुठून? १९७२ च्या दुष्काळात उभी राहिलेली रोजगार हमी योजना चालवायला. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी ती कल्पना लावून धरली, १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा झाला, १९७७ मध्ये रोजगार हमीचा. शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या कामाचा खर्च उचलायचा आणि राज्याने तेवढीच भर घालायची, असं ठरलं. मला या गोष्टीचा अभिमान आहे. देशात असं आधी कुणी केलं नव्हतं, आणि केंद्राचा २००५ चा रोजगार हमी कायदा याच वाटेने आला. पण दोन्ही कायदे झाले ते ग्रामीण भागापुरते. केरळने २०१० मध्ये शहरी रोजगार हमी सुरू केली, राजस्थानने २०२२ मध्ये १०० दिवसांची. ज्या राज्याने ही कल्पना देशाला दिली, त्या राज्यातल्या शहरात नाक्यावरून दहा वाजता परत फिरणाऱ्या माणसाला कामाचा हक्क नाही.

कामं नाहीत असं कुणी म्हणू नये. पावसाळ्याआधी नालेसफाई, दवाखान्यात मदतनीस, शाळांची डागडुजी, पाळणाघरं, म्हाताऱ्यांची देखभाल, ओल्या कचऱ्याचं खत. पाळणाघर तर एकदम दोन कामं करतं, एका बाईला तिथे रोजगार आणि दहा बायांना बाहेर पडायची मोकळीक. यातली बरीचशी कामं आज ठेक्याने होतात आणि मधला वाटा ठेकेदार खातो. तीच प्रभागाच्या कार्यालयातून, नोंदणी करून, किमान वेतनाने, वर्षाला १०० दिवस द्या. त्या नोंदणीतून किती घरांत किती दिवस कमाई नव्हती, हेही प्रभागवार आपोआप लिहिलं जाईल. २०२७ ची जनगणना तोंडावर आहे, ते आकडे येईपर्यंत इष्टांकासाठी थांबायलाही नको. ५९,००० ची मर्यादा राज्याला आपल्या अखत्यारीत आजही वाढवता येते, आणि वाढीव लोकांचं धान्य राज्याने स्वतःच्या पैशातून द्यावं.

पैसे कुठून, असं विचारणाऱ्यांनी आपलं फेब्रुवारीचं पगारपत्रक काढून बघावं. तीनशे रुपयांची ती ओळ रोजगार हमीसाठीच सुरू झाली होती, आणि आमच्या वस्तीतला गेटवरचा माणूसही ती भरतो आहे.