काट्याची बाजू

स्वयंपाक अंदाजाने करावा की मोजून, हा वाद दर काही महिन्यांनी तिकडे महाराष्ट्रात नव्याने पेटतो. मुद्दा ठरलेला: चव हाताला असते, वजनकाट्याला नाही. आया-आज्यांनी कधी ग्रॅम मोजले नाहीत, चिमूट, मूठ आणि पसा एवढ्यावर पंगती उठवल्या; आणि आता परदेशी गेलेल्यांनी ओट्यावर वजनकाटा नि थर्मामीटर मांडून स्वयंपाकघराची प्रयोगशाळा करून टाकली. हल्ली त्यात पाव आणि कॉकटेलचीही भर पडली आहे. घरी पाव भाजणं हे चोचले, आणि शनिवारी संध्याकाळी माप घेऊन पेय बनवणं म्हणजे संस्कार सुटल्याची खूण. जर्मनीत, म्युनिकमध्ये बसून हे वाचताना मला राग येतो, आणि तो लपवायचं काही कारण मला दिसत नाही.

पोळीपासूनच सुरुवात करते, कारण अंदाजवाल्यांची सगळी भिस्त पोळीवर असते. कणकेत पाणी किती घालायचं? तर कणीक मागेल तेवढं. हे उत्तर खोटं नाही. पण ते ज्या कणकेबद्दल आहे ती ठरलेल्या गिरणीतल्या दगडांतून निघालेली असते. दगडाच्या दाबाने आणि उष्णतेने गव्हातल्या स्टार्चचे कण बरेच फुटतात, आणि फुटलेला स्टार्च जास्त पाणी पितो. म्हणून आपली कणीक शंभर ग्रॅमला ६५ ते ७० ग्रॅम पाणी सहज घेते. इथलं पीठ रोलरवर दळलेलं. पाकिटावर ४०५, ५५०, १०५० असे आकडे असतात; शंभर ग्रॅम पीठ जाळलं तर किती मिलिग्रॅम राख उरते, त्याचे ते आकडे. आकडा जितका मोठा तितका कोंडा जास्त. पोळीसाठी १०५० आणि सबंध गव्हाचं पीठ निम्मंनिम्मं घ्यावं आणि पाणी शंभराला ६० च्या आसपास ठेवावं. सवयीने ७० घातलं की कणीक पोळपाटाला धरते, मग पिठी लावत बसावं लागतं, ती पिठी तव्यावर करपते आणि पोळी डब्यात कडक होऊन पडते.

याला हाताचा दोष म्हणायचं का? हात तोच आहे. पीठ बदललंय.

माझं प्रमाण सांगते: पीठ २०० ग्रॅम, कोमट पाणी ११८ ते १२०, तेल १०, मीठ ३. मळून अर्धा तास झाकून ठेवायचं, कारण कोंडा पाणी सावकाश शोषतो. लगेच लाटायला घेतलं तर कडा फाटतात. हिवाळ्यात हीटर चालू असताना ओलं फडकं हवंच, नाहीतर दहा मिनिटांत गोळ्यांवर साय धरल्यासारखं कवच येतं. आपली घडीची पोळी तव्यावरच फुगते, ज्वाळा लागत नाही, त्यामुळे काचेच्या शेगडीवर तिचं काही अडत नाही. तवा मात्र बिडाचा घ्यावा. इंडक्शनवर हिंडालियम तापतच नाही.

डाळीचंही असंच. इथलं पाणी कठीण, त्यातलं कॅल्शियम डाळीच्या सालीतल्या पेक्टिनला धरून बसतं आणि राजमा, चवळी, हरभरा शिजता शिजत नाहीत. लिटरभर पाण्यात १५ ग्रॅम मीठ घालून रात्रभर भिजवलं की साल मऊ पडते. सकाळी ते पाणी टाकून गाळलेल्या पाण्यात शिजवायचं. चिंच, कोकम, टोमॅटो डाळ पूर्ण शिजल्यावरच. आंबट आधी पडलं तर शिट्ट्या मोजत बसावं लागतं. वाटणघाटण मी शनिवारीच उरकते, कारण इथे रविवारी आवाज केलेला चालत नाही, म्हणून मिक्सर लावायची सोय नाही आणि दुकानंही बंद.

आता पाव. लादीपावाची आठवण येत नाही असा परदेशातला मराठी माणूस मी तरी पाहिलेला नाही. इथल्या बेकऱ्यांत भाकरीएवढ्या जाड सालीचे, आंबूस, राय नावाच्या धान्याचे पाव ढिगाने मिळतात, आणि ते उत्तम असतात यात वाद नाही. पण वड्याभोवती दाबला की दबणारा आणि सोडला की हळूच वर येणारा पाव त्यांत नसतो. तो घरीच करावा लागतो, आणि तो अंदाजाने होत नाही.

५५० नंबरचं पीठ ५०० ग्रॅम, दूध आणि पाणी मिळून ३२५, साखर २५, मीठ ९, लोणी ४०, कोरडं यीस्ट ७ ग्रॅमचं एक पाकीट. लोणी सोडून सगळं पाच-सात मिनिटं मळायचं, मग मऊ लोणी थोडं थोडं घालत आणखी आठ-दहा मिनिटं. लोणी आधीच घातलं तर ते पिठाच्या कणांवर बसतं आणि ग्लुटेन, म्हणजे पिठाला ताण देणारं प्रथिन, धरायला वेळ लावतं. चिमटीत पीठ ताणल्यावर उजेड दिसेल इतका पापुद्रा निघाला की थांबायचं. मळून झाल्यावर पिठाचं तापमान २५-२६ अंश असावं. उन्हाळ्यात दूध थेट फ्रिजमधलं घ्यावं, जानेवारीत कोमट. दुप्पट फुगलं की सोळा गोळे, प्रत्येकी ५६ ग्रॅम. चोवीस सेंटिमीटरच्या चौकोनी साच्यात चार बाय चार, मध्ये सेंटिमीटरभर अंतर. अंतर जास्त पडलं तर पाव आडवे पसरतात आणि बाजूंना साल धरतं; मग ती लादी राहत नाही, सुटे बन होतात. एकाला चिकटून दुसरा वर चढला पाहिजे. दुसऱ्यांदा फुगल्यावर बोटाने हलकंच दाबून पाहायचं: खळगा हळूहळू अर्धवट भरला तर ओव्हन तयार ठेवा; लगेच भरून आला तर अजून वेळ आहे; भरलाच नाही तर उशीर झालाय, आणि असा पाव ओव्हनमध्ये बसतो. वरून दूध लावून १९० अंशांवर वीस मिनिटं, पंखा असेल तर १७०. आतलं तापमान ९३ झालं की बाहेर काढायचा, लोणी फिरवायचं आणि लगेच सुती कापडाखाली झाकायचा. कोंडलेली वाफच साल मऊ करते.

यात नऊ ग्रॅम मीठ मी का मोजते? चमचाभर बारीक मीठ सहा ग्रॅमच्या आसपास भरतं, जाडं मीठ त्याहून बरंच कमी. मीठ कमी पडलं तर यीस्ट उधळतं, पाव घाईने फुगतो आणि भुसभुशीत, बेचव होतो. जास्त झालं तर तासभर वाट बघूनही पीठ हलत नाही. वाटीचंही तेच. २४० मिलीच्या कपात चाळलेलं पीठ १२० ग्रॅम बसतं आणि दाबून भरलं तर १५०. एवढ्या फरकात मऊ पाव आणि वीट असे दोन्ही निघतात.

माझं म्हणणं एवढंच आहे: जिथे मधे चाखून सुधारता येतं तिथे हात, जिथे येत नाही तिथे काटा. आमटीत मीठ मीही मोजत नाही. भाजीला फोडणी किती हे तेलाच्या वासावर कळतं. पण ओव्हनचं दार लागलं की पावाला पुन्हा मीठ लावता येत नाही, आणि लाडवाचा पाक पुढे गेला की मागे आणता येत नाही. एकतारी पाक म्हणजे १०४-१०५ अंश, गोळीबंद ११२ ते ११६. हे आकडे समुद्रसपाटीचे. पुणे ५६० मीटरवर आणि म्युनिक ५२० मीटरवर, दोन्हीकडे पाणी शंभराच्या दीड-दोन अंश आधीच उकळतं, म्हणून तेवढे अंश वजा करायचे. मुंबईच्या आत्याने सांगितलेला पाक पुण्याच्या भाचीकडे आकड्यानुसार केला तर दोन अंशांनी पुढे जाणार. हा प्रश्न परदेशाचा नाहीच. तिकडेही तो आहे, फक्त लाडू कडक झाले की भाचीला बोलून मोकळं होतात.

आणि इथेच मला अंदाजवाल्यांचं खरं नवल वाटतं. पेग कुणी अंदाजाने भरू देतं का? तीसचा छोटा, साठचा मोठा, माप काठोकाठ भरलंय की नाही हे टेबलावरचे चारही जण डोळ्यात तेल घालून बघतात. महाराष्ट्रात १९४९ च्या कायद्याने दारू प्यायला आजही परवाना लागतो, पण पेगाच्या मापाला कुणी प्रयोगशाळा म्हणत नाही. सोन्याच्या दुकानात गुंजेचा फरक चालत नाही. धान्याची तर सबंध उतरंड होती: दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. मोजणं हा आपल्याकडचाच जुना धंदा आहे. ते फक्त चुलीपाशी आलं की चालत नाही, कारण चुलीपाशी बाई असते, आणि तिला आकडा सांगायचा नसतो, तिला 'अंदाज यायला हवा' असं म्हणायचं असतं. बिघडलं तर दोष तिच्या हाताचा. इथे शाळकरी मुलगे काट्यावर पीठ मोजून केक करतात आणि त्यांच्या हाताबद्दल कुणाला काही वाटत नाही. मुलग्याला काटा देऊन ओट्याशी उभं करणं तिकडच्या किती घरांत होतं?

शनिवारच्या पेयाचंही सांगते, कारण त्यावरच सगळ्यात जास्त बोललं जातं. कोकमाचं आगळ इथे जपून वापरावं लागतं आणि त्याचं कॉकटेल अप्रतिम होतं. जिन ४५ मिली, आगळ १०, साखरेचा पाक २०, लिंबाचा रस १०, वर थंड सोडा ९०. आगळात मीठ असतंच, वेगळं घालू नये. पाक समान वजनाचा: १०० ग्रॅम साखरेला १०० ग्रॅम पाणी. वाटीला वाटी घेतली तर साखर वजनाने कमी भरते आणि पेय आंबट लागतं. लिंबाचं तर विचारूच नका. पाककृतीत 'अर्धं लिंबू' लिहिलेलं असतं. आपलं कागदी लिंबू सबंध पिळलं तरी पंधरा-वीस मिली रस निघतो, इथलं पिवळं थोराड लिंबू चाळीस देतं. सोडा सोडून बाकी सगळं शेकरमध्ये, म्हणजे घट्ट झाकणाच्या भांड्यात, भरपूर बर्फावर बारा सेकंद जोरात हलवायचं. बर्फ वितळून पेयात सुमारे पाव हिस्सा पाणी उतरतं आणि ते हवंच असतं, त्याशिवाय जिनचा तिखटपणा मोडत नाही. ओला, सुटलेला बर्फ घेतला तर थंड होण्याआधीच पेय पाणचट होतं; फ्रीझरमधून थेट काढलेले मोठे खडे घ्यावेत. सोडा शेकरमध्ये कधीही घालू नये, झाकण उडतं. तो ग्लासात, शेवटी, कडेने.

आणखी एक बारकावा. सोडा म्हणून घ्यायच्या इथल्या काही खनिज पाण्यांत बायकार्बोनेट लिटरला हजार मिलिग्रॅमच्या वर असतं. ते आंबटपणा खातं, आणि आगळाचा लालभडक रंगही मंद होतो. बाटलीवरचा आकडा वाचून कमी बायकार्बोनेटचं पाणी घ्यावं. जिन वगळून हेच प्रमाण ठेवलं, चिमूटभर भाजलेल्या जिऱ्याची पूड टाकली, की न पिणाऱ्यांसाठीही तितकंच नेमकं सरबत होतं. यात संस्कार कुठे सुटले ते मला अजून कळलेलं नाही. उलट कोकमाचा आंबटपणा कुठे थांबतो आणि मीठ कुठे बोलतं हे मापाने करतानाच नीट कळतं.

रविवारी श्रीखंड. चक्क्याला क्वार्क, म्हणजे इथलं चक्क्यासारखं ताजं चीज, चालतो, पण पाकिटावर ४० टक्के लिहिलेला (पाणी वगळून उरलेल्या भागातला स्निग्धांश). बिनस्निग्धांशाचा खडूसारखा लागतो. फडक्यात बांधून रात्रभर टांगायचा, सकाळी वजन करायचं आणि त्याच्या निम्म्याहून थोडी कमी पिठीसाखर. साखर पाणी ओढते, त्यामुळे जास्त झाली की श्रीखंड सैल पडतं. मग ते घट्ट करायला काही उपाय उरत नाही.

हा माझा आठवडा. बोलून टाकायचंच तर, मला जे लागतं ते काट्याच्या निंदेपेक्षा वेगळं आहे. हाताची चव हातापाशी उभं राहूनच शिकता येते. जी शेजारी राहिली तिला ती मिळते, जी दूर गेली तिला नाही. त्यामुळे 'हाताला चव असते' हे वाक्य मला चवीबद्दलचं वाटत नाही. घरातलं कोण आणि बाहेरचं कोण, याचा तो निवाडा वाटतो. इथल्या बेकरीत मी भारतीय, तिकडच्या ओट्यापाशी मी 'तिकडची'. आईच्या स्वयंपाकातलं जे आकड्यात उतरलं तेवढंच माझ्याजवळ आलं, बाकीचं तिथेच राहिलं, आणि जे राहिलं ते कुठल्याही काट्यावर मिळत नाही हे मला पक्कं माहीत आहे. म्हणून जेवढं आलं त्याला कुणी कोरडं, परकं म्हटलं की मला सहन होत नाही.

तेव्हा वाद घालणाऱ्यांना एक मागणं आहे. पाककृती वाटीच्या मापाने जरूर सांगा, पण तुमची वाटी एकदा काट्यावर ठेवा, काटा शून्य करा, वाटी काठोकाठ पाण्याने भरा. जितके ग्रॅम येतील तितक्या मिलीची ती वाटी. तेवढा आकडा पाककृतीच्या वर लिहून पाठवा. तुमचा अंदाज इथवर पोचायला दुसरा रस्ता नाही.