गुगल काढलं म्हणजे फोन अभेद्य झाला का?

सांगलीत, विश्रामबागमधल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय: ‘जुन्या फोनवर लिनेजओएस टाका, गुगलची नजर बंद, फोन कुणी हॅक करूच शकत नाही.’ यातलं अर्धंच खरं आहे.

लिनेजओएस ही अँड्रॉइडवरच बेतलेली ओएस, म्हणजे फोन चालवणारी मूळ प्रणाली. 2016 च्या अखेरीस सायनोजेनमॉड ही तशीच आधीची ओएस बंद पडल्यावर ती उभी राहिली, आणि ती गुगलच्या ॲप्सशिवाय येते. कंपनीने वाऱ्यावर सोडलेल्या फोनलाही तिच्यामुळे अँड्रॉइडचे नवे सुरक्षा पॅच मिळतात. हे थोडंथोडकं नाही.

पण ती टाकायला बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना ओएस तपासून चालू करणारा प्रोग्रॅम, अनलॉक करावा लागतो. त्यात फोनमधलं सगळं पुसलं जातं, हे फॉरवर्डवाल्याने सोयीने गाळलंय. पुढे बहुतेक फोनवर बूटलोडर उघडाच राहतो. मग फोन ज्याच्या हाती पडेल तो सिस्टिममध्ये फेरफार करू शकतो, आणि सुरू होताना फोन ते अडवत नाही. मोडेमच्या, म्हणजे मोबाईल नेटवर्कशी बोलणाऱ्या भागाच्या, फर्मवेअरची (आतल्या सॉफ्टवेअरची) दुरुस्ती तर चिप आणि फोन बनवणाऱ्यांच्याच हातात. त्यांनी हात वर केले की भोकं तशीच.

ग्राफीनओएस या अशाच दुसऱ्या ओएसमध्ये बूटलोडर पुन्हा लॉक करता येतो. मात्र ती आजवर चालत आली गुगलच्याच पिक्सेलवर. गुगलपासून सुटायला गुगलचाच फोन, घ्या!

बँकांची काही ॲप्स अशा फोनवर उघडतच नाहीत. आणि सिम घातलं की ओएस कुठलीही असो, मोबाईल कंपनीला टॉवरवरून तुमचा ठावठिकाणा कळतोच.

माझ्या जुन्या फोनवर लिनेजओएस आहे. त्यावर मी गाणी ऐकतो. पैशांचे व्यवहार दुसऱ्या फोनवर.