शौलाला तीन दिवस लागले

देवाचा प्रकाश अंतःकरणात शिरला की माणूस पालटतो, हे मी वाचलेल्या लेखातलं म्हणणं मला मनापासून पटतं. पण ते इतकं झटपट होतं असं मला वाटत नाही.

बायबलमधल्या प्रेषित पौलाचंच बघा. तो अजून शौल या नावानेच ओळखला जायचा, येशूच्या शिष्यांना बांधून आणायला दिमिष्काला (म्हणजे दमास्कसला) निघालेला. वाटेत आकाशातून प्रकाश चमकला आणि झालं काय, तर त्याची दृष्टीच गेली! लोकांनी हाताला धरून गावात नेलं. तीन दिवस अन्न नाही, पाणी नाही. मग हनन्या आला. ज्यांना हा धरायला निघाला होता, त्यांच्यापैकीच एक. त्याने शौलावर हात ठेवले आणि म्हणाला, 'शौल भाऊ'. तेव्हा कुठे डोळ्यांवरून खपल्यांसारखं काहीतरी गळून पडलं. मला त्या प्रकाशाइतकीच ही हाक मोठी वाटते. आधी जायला कचरणाऱ्या माणसाच्या हातून देवाने ते काम पुरं केलं.

अंधारातून उजेड प्रकट करणारा देवच आमच्या अंतःकरणात प्रकाशला, असं याच पौलाने पुढे करिंथकरांना, म्हणजे करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला, लिहिलं.

बायबलमधल्याच योहानाच्या पहिल्या पत्राचा उल्लेख मात्र लेखात हवा होता. मी प्रकाशात आहे म्हणायचं आणि भावाचा द्वेष करायचा, तर तो माणूस अजून अंधारातच आहे, असं तिथे स्पष्ट म्हटलंय. प्रार्थनेत डोळे भरून येतात, ते खरंच असतं. पण ज्याच्याशी वर्षानुवर्षं अबोला आहे, त्याच्या दारी आपण जातो का? लेखकांनी यावर सविस्तर लिहावं, ही विनंती.