फ्लॉपी एकच, लेखन निराळे

सव्वापाच इंची फ्लॉपीविषयी एक दावा वारंवार पुढे पाठवला जातो. ॲपल टू, कमोडोर ६४ आणि आयबीएम पीसी या तिन्हींची फ्लॉपी एकच होती, कंपन्यांनी ग्राहक बांधून ठेवण्यासाठी मुद्दाम फाइलव्यवस्था (फ्लॉपीवर फाइली नोंदवण्याची रचना) वेगळ्या ठेवल्या, आणि योग्य सॉफ्टवेअर मिळाले की पीसीच्या ड्राइव्हमध्ये कोणतीही फ्लॉपी वाचता व लिहिता येते, असा तो दावा आहे. यातले चकतीबद्दलचे विधान बरोबर आहे, परंतु त्यावरून काढलेले निष्कर्ष टिकत नाहीत.

अडचण मुळात फाइलव्यवस्थेची नाही. फाइलव्यवस्थेच्या खाली, चुंबकीय थरावर बिट कसे मांडायचे याची पद्धत असते आणि ती या तिन्ही यंत्रांत वेगळी होती. १९८३ पासून पीसी प्रत्येक बाजूला ४० ट्रॅक (वर्तुळाकार पट्टे) आणि प्रत्येक ट्रॅकवर ५१२ बाइटांचे ९ सेक्टर (पट्ट्याचे तुकडे) एमएफएम नावाच्या बिटमांडणीने लिहीत असे. ॲपलचे ३५ ट्रॅक जीसीआर या दुसऱ्या बिटमांडणीचे होते. कमोडोरचेही ३५ आणि जीसीआरच. पण त्याची सांकेतिक सारणी वेगळी होती, शिवाय बाहेरच्या ट्रॅकवर २१ तर आतल्यांवर १७ सेक्टर असत. पीसीचा कंट्रोलर, म्हणजे ड्राइव्ह चालवणारी चिप, एमएफएमच्या खुणा शोधतो. त्या न सापडल्यामुळे तो सेक्टरच नाही असे कळवतो, आणि फाइलव्यवस्थेचे भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या हाती भाषांतर करण्याजोगे काही येतच नाही. पीसीला जोडायच्या ग्रीझविझल या सर्किटसारखी आजची साधने यशस्वी होतात ती या कंट्रोलरला वगळून चुंबकीय बदलांमधला काळ थेट मोजतात म्हणून; म्हणजे तिथेही केवळ सॉफ्टवेअर पुरत नाही.

आता हेतूविषयी. ॲपलच्या १९७८ च्या ड्राइव्हसाठी कंपनीचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्निॲक यांनी मोजक्या चिपांत काम भागवले आणि त्या काटकसरीतूनच ती निराळी पद्धत आली. ऑस्बोर्न आणि केप्रो या संगणकांची कार्यप्रणाली सीपी/एम ही एकच होती, तरी त्यांच्या फ्लॉपींची मांडणी जुळत नसे, कारण आठ इंची फ्लॉपीला आयबीएमचा सर्वमान्य आराखडा होता, सव्वापाच इंचीला तसा नव्हता. (या यंत्रांच्या बाबतीत मात्र सॉफ्टवेअरने काम भागत असे, दाव्याला जो काही आधार आहे तो इथेच.) शिवाय कमोडोरच्याच १५७१ ड्राइव्हला एमएफएम वाचता येत असे, आणि तो कमोडोर १२८ ला जोडून केप्रोच्या फ्लॉपी वाचता येत. ग्राहक कोंडून ठेवायचे असते, तर ही सोय कशाला दिली असती?

सर्वांत घातक भाग लिहिण्याविषयीचा आहे, कारण त्यावर विश्वास ठेवणाऱ्याची फ्लॉपी खराब होते. पीसीचा नंतरचा १.२ एमबी ड्राइव्ह आधीच्या ४० ट्रॅकच्या ड्राइव्हची ३६० केबीची फ्लॉपी नीट वाचतो, पण त्याचा ट्रॅक साधारण निम्म्या रुंदीचा असल्यामुळे जुन्या रुंद ट्रॅकवर त्याने लिहिले की कडांना आधीची माहिती शिल्लक राहते आणि ३६० केबी ड्राइव्हच्या हेडला (वाचणाऱ्या टोकाला) दोन्ही एकत्र वाचावी लागतात. त्याच १.२ एमबी ड्राइव्हमध्ये ती फ्लॉपी उत्तम वाचली जाते, म्हणून दोष जुन्या यंत्राच्या माथी मारला जातो. जुन्या यंत्राला द्यायची फ्लॉपी ४० ट्रॅकच्या ड्राइव्हमध्येच लिहावी. ते शक्य नसेल, तर आधी ती चुंबकाने पूर्ण पुसून घ्यावी.