बिस्मार्कने एकट्याने जर्मनी घडवला नाही

एकोणिसाव्या शतकात प्रशिया या बलाढ्य जर्मन राज्याचा पंतप्रधान असलेल्या बिस्मार्कचं चित्र, टोकदार शिरस्त्राण आणि खाली मजकूर: 'सभागृहात बोलणारे बोलतच राहिले. एका पोलादी पुरुषाने ३९ राज्यांचे तुकडे जोडून जर्मनी उभा केला. आखणी पहिल्या दिवसापासून तयार होती. देशातल्या शत्रूंनाही त्याने ठेचलं. आपल्यालाही असाच माणूस हवा.' हा मजकूर फार लोक पुढे पाठवतात, आणि त्यातून संसद, चर्चा, निवडणूक म्हणजे वेळेचा अपव्यय, हा विचार आपल्या मुलांपर्यंत पोहोचतो. म्हणून त्यातला एकेक दावा तपासायला हवा.

बोलणाऱ्यांनी काही केलं नाही? जर्मन राज्यांमधल्या जकातीच्या भिंती पाडणारा सीमाशुल्क संघ १ जानेवारी १८३४ ला सुरू झाला. तेव्हा बिस्मार्क १८ वर्षांचा होता. पुढे ऑस्ट्रिया वगळता बहुतेक जर्मन राज्यं त्या संघात आली, रेल्वेने ती एकमेकांना बांधली गेली, आणि व्यापारी, प्राध्यापक, वकील एका देशाची मागणी करू लागले. १८४८ मध्ये फ्रँकफर्टच्या सेंट पॉल चर्चमध्ये भरलेल्या संसदेने संपूर्ण राज्यघटना लिहिली. ती कोलमडली, पण बोलण्याने नव्हे: सभेच्या हाती सैन्य नव्हतं, आणि तिने १८४९ मध्ये देऊ केलेला मुकुट प्रशियाच्या राजाने नाकारला. सर्व प्रौढ पुरुषांना मत देण्याचा त्या संसदेचा नियम मात्र १८६७ मध्ये बिस्मार्कनेच प्रशियाच्या नेतृत्वाखालच्या उत्तर जर्मन संघासाठी उचलला. सैन्याचंही तसंच आहे. सेनानी मोल्टके १८५७ पासून प्रशियाचं सेनामुख्यालय सांभाळत होता आणि युद्धमंत्री रूनची सैन्यसुधारणा बिस्मार्क पंतप्रधान होण्याआधीच सुरू झाली होती.

आता ते प्रसिद्ध वाक्य. आजचे मोठे प्रश्न भाषणांनी आणि बहुमताच्या ठरावांनी नव्हे, तर लोह आणि रक्त यांनी सुटतील, असं तो ३० सप्टेंबर १८६२ रोजी बोलला. कुठे? प्रशियाच्या विधिमंडळाच्या अंदाजपत्रक समितीत! वाद होता सैन्याच्या खर्चाचा. सभागृहाने पैसे नाकारले आणि त्याने चार वर्षं मंजुरीविना राज्य चालवलं. पण १८६६ चं युद्ध जिंकल्यावर, लोकप्रियता शिखरावर असताना, तो त्याच सभागृहाकडे मागच्या खर्चाला मान्यता मागायला आला. ठरावांना खरोखर किंमत नसती तर त्याला ही मान्यता कशासाठी हवी होती?

पहिल्या दिवसापासूनच्या आखणीला तर त्याचीच साक्ष विरोधात जाते. १८६४ मध्ये तो ऑस्ट्रियाला सोबत घेऊन डेन्मार्कशी लढला, १८६६ मध्ये त्याच ऑस्ट्रियाशी. फेब्रुवारी १८६९ च्या पत्रात त्याने लिहिलं की जर्मन ऐक्याचं फळ अजून पिकलेलं नाही, आणि उगाच घाई केली तर कच्चंच पडेल. पुढच्या वर्षी स्पेनच्या रिकाम्या गादीवर कोण बसणार यावरून फ्रान्सशी वाद उपटला, प्रशियाच्या राजघराण्यातल्या उमेदवाराने माघार घेतली आणि बिस्मार्कचा डाव जवळजवळ संपला होता. दुसऱ्या दिवशी, १३ जुलै १८७० ला, राजाचं फ्रेंच राजदूताशी झालेलं बोलणं कळवणारी, एम्स गावाहून आलेली तार हाती आली. तिचा मजकूर छाटून त्याने ती प्रसिद्ध केली, आणि सहा दिवसांत फ्रान्सने युद्ध पुकारलं. आलेली संधी ओळखण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, हे मी मनापासून मानतो. पण हातात तयार नकाशा घेऊन निघालेला माणूस तो नव्हता.

'तुकडे जोडले' हे शब्द मला सर्वांत जास्त खटकतात. १८६६ चं युद्ध जर्मनांनी जर्मनांशी केलं. बव्हेरिया, सॅक्सनी, हॅनोव्हर, व्युर्टेंबर्ग ही राज्यं ऑस्ट्रियाच्या बाजूने प्रशियाविरुद्ध उभी होती. युद्धानंतर हॅनोव्हरच्या अंध राजाचं राज्यच प्रशियाने गिळलं. फ्रँकफर्ट हे स्वतंत्र नगरराज्य होतं. तिथे सैन्य घुसलं, प्रचंड खंडणी मागितली गेली, आणि खंडणी भरू शकणाऱ्या नागरिकांची यादी द्या, असा हुकूम आल्यावर महापौर फेलनर यांनी गळफास घेतला. हॅनोव्हरच्या राजाच्या जप्त संपत्तीतून बव्हेरियाच्या दुसऱ्या लुडविगला गुप्तपणे पैसे पोहोचवले गेले. प्रशियाच्या राजाला सम्राटपद देऊ करणाऱ्या १८७० च्या पत्रावर सही याच लुडविगची आहे. शिवाय ऑस्ट्रियातले लाखो जर्मन नव्या साम्राज्याबाहेर राहिले, आणि पोलिश, डॅनिश आणि फ्रान्सकडून घेतलेल्या अल्सास प्रांतातले लोक न विचारता आत आले. या एकीची किंमत त्या मजकुरात कुठेच नाही.

त्याचा खरा मोठेपणा मला दिसतो तो निकोल्सबुर्गला, १८६६ च्या युद्धानंतरच्या तहाच्या बोलण्यांत. विजयाच्या धुंदीत राजाला ऑस्ट्रियाचा मुलूख हवा होता. बिस्मार्कने राजाशी भांडून त्याला थांबवलं, आणि प्रशियाने ऑस्ट्रियाचा स्वतःचा इंचभर मुलूखही घेतला नाही. बव्हेरियालाही आपलं टपाल, आपली रेल्वे आणि शांतताकाळात आपलं सैन्य राखू दिलं, तेव्हा कुठे ती आली.

आपल्याकडे सरदार पटेलांना 'भारताचे बिस्मार्क' म्हणतात. हैदराबादला सैन्य गेलं हे खरं, पण पाचशेहून अधिक संस्थानांपैकी बहुतेकांचं विलीनीकरण वाटाघाटी आणि सह्यांनी झालं, आणि ते करणारा माणूस मंत्रिमंडळ व संविधान सभेत बसत होता. अंदाजपत्रकाशिवाय राज्य चालवणाऱ्याशी त्यांची तुलना करणं पटेलांवर अन्याय आहे.

उरला शत्रूंना ठेचण्याचा दावा. कॅथलिक चर्चविरुद्ध त्याने कायदे केले, बिशपांना तुरुंगात टाकलं, आणि १८७४ मध्ये कॅथलिकांच्या सेंटर पक्षाने ९१ जागा जिंकल्या. शेवटी त्याला त्याच पक्षाशी जुळवून घ्यावं लागलं. १८७८ मध्ये समाजवाद्यांच्या संघटना, सभा, वृत्तपत्रं यांवर बंदी आली. कामगारांच्या आजारपणाचा, अपघाताचा, म्हातारपणाचा विमा हे त्याचं टिकलेलं काम राइशटागच्या, म्हणजे नव्या साम्राज्याच्या संसदेच्या, मंजुरीनेच झालं, बंदी मात्र काहीच साधू शकली नाही. जानेवारी १८९० मध्ये राइशटागने तिची मुदत वाढवायला नकार दिला. फेब्रुवारीच्या निवडणुकीत समाजवाद्यांना १४ लाखांहून अधिक मतं पडली, कोणत्याही पक्षापेक्षा जास्त, आणि मार्चमध्ये नव्या सम्राटाने बिस्मार्कचा राजीनामा घेतला.